धाकटीच्या जागी साखर

१

मुंग्या निघाल्या नसत्या, तर ही चोरी कुणाला कळलीही नसती. पण त्या निघाल्या. घर सोडायच्या दिवशी सकाळी श्यामलाबाई देवघर पुसायला गेल्या, तर उंबऱ्यापासून देवघरापर्यंत मुंग्यांची ही एवढी रांग, आणि ती शिरत होती थेट गौरींच्या पितळी डब्यात.

"अहो, इकडे या बरं!" त्यांनी हाक मारली. "गौरींच्या डब्याला मुंग्या लागल्यात."

त्यांचे यजमान विद्याधरराव बाहेर सामान बांधत होते. तिथूनच ते म्हणाले, "अगं, डब्यात तांदूळ आहेत. तांदळाला कशाला मुंग्या लागतील?"

श्यामलाबाईंनी झाकण काढलं. तांदळात थोरली गौर नेहमीसारखी शांत पहुडली होती. तिच्या शेजारी धाकटी असायला हवी होती. धाकटी नव्हती. तिच्या मुखवट्याचा तांदळात उठलेला खळगा तेवढा होता, आणि त्या खळग्यात कुणीतरी मूठभर तांबूस साखर घालून ठेवली होती.

श्यामलाबाईंनी डब्यात दोनदा हात फिरवून पाहिला.

हे मुखवटे कुणा एका घराचे नव्हते. बसवनगुडीतलं हे वठार, म्हणजे मधे अंगण, अंगणात विहीर आणि भोवती ओळीनं घरं. विमानांच्या कारखान्यात नोकरीला लागलेली सहा मराठी बिऱ्हाडं बेळगाव-सोलापूरकडून इथे आली, तेव्हा सगळ्यांनी मिळून ही चांदीची जोडी घडवली होती. दरवर्षी एका घराचा मान. भाद्रपदात गौरी ज्या घरी बसतील, त्या घरी पुढचं वर्षभर मुक्काम. यंदा मान श्यामलाबाईंचा होता, म्हणून त्यांच्याच डब्यात गौरी होत्या.

आता सहातली तीनच बिऱ्हाडं उरली होती आणि तीही आज हलायची होती. मालकानं वठार बिल्डरला विकलं होतं, इथे नऊ मजली इमारत येणार होती. गल्ली तर कधीच पालटली होती. पिठाची गिरणी गेली, तिथे कुत्र्यांचे केस कापायचं दुकान आलं. न्हावी गेला, तिथे योगाचा वर्ग आला. बसवनगुडीतली भाडी ऐकून श्यामलाबाईंनी कानावर हात ठेवले होते. त्या आणि अंबूबाई चालल्या होत्या लांब येलहंक्याला, एका चाळवजा इमारतीत, भिंतीला भिंत लावून. नयनाचं मात्र वेगळं होतं. तिच्या मुलानं, शुभंकरनं, याच जागेवरच्या नव्या इमारतीत नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. इमारत होईपर्यंत जे. पी. नगरात भाड्यानं, मग परत इथेच; तिचा टेंपो संध्याकाळी येणार होता.

म्हणून वठारात सगळ्यांत मोठ्या असलेल्या अंबूबाईंनी निकाल दिला होता, "गौरी वठाराच्या. जी वठाराच्या जागेवर राहणार, तिच्याकडे त्या कायमच्या."

म्हणजे नयनाकडे. आज टेंपो निघण्याआधी डबा तिच्या हाती द्यायचा होता.

श्यामलाबाईंच्या पोटात दुखलं होतं, हे कशाला लपवा? चांगलं दुखलं होतं. मुलगा नयनाचा हुशार, फ्लॅट नयनाचा, आणि आता गौरीही नयनाच्याच? काल सगळ्यांसमोर त्या फणकाऱ्यानं बोलून गेल्या होत्या, "घे बाई, सगळंच घे. आम्हाला काय, येलहंक्याला भिंतीवरची पाल पुजू."

आणि आज त्यांच्याच घरातून धाकटी गौर नाहीशी झाली होती. लोक कुणाचं नाव घेतील हे काय सांगायला हवं?

२

श्यामलाबाईंनी सारी नोकरी विमानांच्या कारखान्यात तपासणी विभागात काढली होती. दिसायला धडधाकट पत्र्यातली चीर शोधायची, हेच त्यांचं काम. त्यांनी डोळे पुसले, झाकण लावलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "टेंपो तीनला येतोय. तोवर चोर सापडला पाहिजे. नाहीतर जाताना मी चोर म्हणून जाईन."

"काल आत कोण कोण आलं होतं?" विद्याधररावांनी विचारलं.

काल संध्याकाळी अंगणात शेवटची पंगत बसली होती. आत चौघंच येऊन गेली होती. गल्लीपलीकडे समोरच्या घरात कॅफे काढलेला महांतेश दाराची जुनी कडी बघायला आला. नयनाची सून यशश्री फोटो काढायला आली. अंबूबाई दिवा लावायला आल्या. आणि नयना तर काय, सामान बांधू लागायला दिवसभर आत-बाहेर करत होती.

आधी महांतेश. पितळ दिसलं की त्याचे डोळे कसे चमकतात, हे श्यामलाबाईंनी पंगतीत पाहिलं होतं. त्याचा कॅफे म्हणजे अंबूबाईंचं जुनं घर, वठारात येण्याआधी त्या राहायच्या ते. ज्या फळीवर त्यांच्या लोणच्याच्या बरण्या असत, तिथे आता रिकामे तांबे मांडले होते आणि त्यांवर दिवे सोडले होते. जिथे त्यांची चूल होती, तिथे पोरंपोरी लॅपटॉप उघडून बसली होती.

"बन्नी, या अक्का," तो म्हणाला. दोघांचं बोलणं कानडीतच झालं. "स्वल्प, थोडी कॉफी?"

"कॉफी राहू दे. गौरीचे मुखवटे तू मागितले होतेस, खरं ना?"

"मागितले होते. या भिंतीवर लावायला. तुम्ही माझ्या अंगावर धावून आलात, मी गप्प बसलो."

"त्यातली धाकटी गेली."

महांतेश चमकला. "एकच? अक्का, जोडी असेल तर शोभा. एकटी घेऊन मी काय करू? आणि विकणारा तरी एकटी कशाला नेईल? शेजारी दुसरी आयती पडलेली असताना?"

हे मात्र खरं होतं. श्यामलाबाईंना त्याचा राग आला होता, पण खऱ्याला खरं म्हणायची त्यांना नोकरीनंच सवय लावली होती. चोराला चांदी नको होती. चोराला जोडी फोडायची होती.

पण जोडी फोडून कुणाचं काय भलं होणार?

३

अंबूबाई दारातल्या खुर्चीवर बसून वाती वळत होत्या. घर रिकामं झालं होतं, खुर्ची तेवढी राहिली होती.

"अक्का, धाकटी गेली," श्यामलाबाई हळूच म्हणाल्या.

म्हातारीचा हात थांबला. "आणि थोरली?"

"आहे."

"एकटी? बहिणी आहेत गं त्या. एक असेल तिथे दुसरी यायलाच हवी, नाहीतर पूजा कशी व्हायची?" मग त्यांनी श्यामलाबाईंकडे रोखून पाहिलं. "श्यामे, तू रागावली होतीस काल."

"रागावले होते. म्हणून चोरी करीन?"

"मी कुठे तसं म्हटलं? पण विचारतील लोक."

"तुम्ही काल कुणाला काही नेताना पाहिलंत का?"

"पंगतीत कोण काय नेतं, काय आणतं, याला काही धरबंध असतो का? कोशिंबिरीचा डबा या घरातून त्या घरात, भाताचं पातेलं त्या घरातून या घरात. माझ्या डोळ्यांना सगळी भांडी सारखीच."

विहिरीपाशी नयना उभी होती. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या वठारात आलेल्या. श्यामलाबाईंनी धाकटीची बातमी सांगितली, तशी ती वळली.

"तू डबा उघडलास?" तिनं विचारलं. "कशाला उघडलास?"

"मुंग्या लागल्या म्हणून."

"मुंग्या?" नयनाचा चेहरा उतरला. "आता गं?"

"आता काय? शोधायची. तुला द्यायची वस्तू आहे ती, तुला काळजी नको? तुझं काय म्हणा, फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, एक गौर कमी झाली तर काय बिघडलं?"

नयनानं विहिरीत डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "अंबक्कांची खोली तुझ्या खोलीला अगदी लागूनच आहे ना?"

"आहे."

"म्हणजे रोज सकाळी कॉफी एकत्र. मजा आहे तुमची."

श्यामलाबाईंना ते टोमण्यासारखं लागलं. नवव्या मजल्यावर जाणाऱ्या बाईनं येलहंक्याच्या चाळीला मजा म्हणावं? त्या तरातरा निघाल्या, पण नयनाच्या दारावरून जाताना थबकल्या. आत फडताळावर अजून बांधायच्या राहिलेल्या काचेच्या बरण्या ओळीनं होत्या आणि त्यांतल्या एका बरणीत साखर होती. तांबूस साखर.

४

यशश्री पुण्याची. तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन आली, लॅपटॉपवर नोकरी करायची आणि सगळ्यांशी गोड बोलायची. श्यामलाबाईंना ती कधीच पटली नव्हती. कारण विचाराल तर एक खास कारण होतं. शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही वठाराची रीतच होती. अंबूबाई गुळाचा खडा घालत, श्यामलाबाई भुईमुगाचे दाणे, नयना मूठभर साखर. ही पोरगी मात्र डबा घासूनपुसून लखलखीत करायची, वर 'थँक यू काकू' अशी रंगीत चिठ्ठी चिकटवायची, आणि आत काय? हवा! तीन वर्षं श्यामलाबाईंनी त्यावरून नाक मुरडलं होतं.

"ही साखर कुणाची?" त्यांनी बरणी उचलून विचारलं.

"आमचीच काकू. ऑर्गॅनिक आहे. आईंना डायबेटिस निघाल्यापासून मी व्हाइट शुगर घरात आणणंच बंद केलंय. ही पण त्यांना देत नाही, पाहुण्यांपुरती ठेवते."

"वठारात आणखी कुणाकडे असली साखर आहे?"

"नसेल बहुतेक. का?"

"का म्हणून विचारतेस? तुझ्या बरणीतली साखर माझ्या गौरीच्या डब्यात आली कुठून?"

आवाज इतका चढला, की अंगणात सगळे गोळा झाले. महांतेश ॲप्रनसकट धावत आला. यशश्रीचे डोळे भरून आले, पण तीही काही कमी नव्हती.

"काकू, सिरियसली? मी देव चोरीन? घरात कुणीही या बरणीला हात लावू शकतं."

"श्यामे, जाऊ दे ना," नयना मधे पडली. "सापडेल. आता टेंपोची वेळ झाली."

"नाही आई, जाऊ कसं द्यायचं?" यशश्री म्हणाली. "सगळ्यांचं सामान उघडून बघू. आमचं बघा, महांतेश अण्णांचं बघा. आणि काकू, तुमचंही."

"माझंच आधी बघ!" श्यामलाबाई तावातावानं म्हणाल्या. "सोडा हो ती पेटी."

"ती नको," नयना एकदम म्हणाली. "ती मी बांधलीय. इतकी घट्ट गाठ मारलीय... येलहंक्याला पोचल्यावरच सोड म्हटलं होतं ना मी?"

पण विद्याधररावांनी दोरी कापली होती. वर रेशमी लुगडी, खाली शालू. त्या दोहोंच्या मधे हिरव्या खणाचं एक गाठोडं. यशश्रीनं ते उचललं, तसा खणाचा पदर सुटला आणि आतून धाकटी गौर सगळ्यांकडे बघू लागली.

५

महांतेशनं मान खाली घातली. अंबूबाई "श्यामे..." एवढंच म्हणाल्या, आणि ते एवढंसं श्यामलाबाईंच्या काळजात घुसलं. एवढ्या वर्षांचं नाव, आणि ते असं जायचं? नयना तर घरात निघून गेली होती.

"तू घेतलेली नाहीस," विद्याधरराव म्हणाले. "मला माहीत आहे."

"तुम्हाला माहीत असून काय उपयोग?" श्यामलाबाईंनी गाठोडं हिसकून घेतलं आणि विहिरीच्या काठावर जाऊन बसल्या.

रडू येत होतं. पण हात आपलं काम करत होते. त्यांनी खण उलगडला. नवा होता, घडी न मोडलेला. आत मुखवट्याबरोबर मूठभर तांदूळ होते, एक हळकुंड होतं, सुपारी होती. धाकटीच्या कपाळावर ताजं कुंकू होतं.

श्यामलाबाई बघतच राहिल्या. अगं बाई, ही तर ओटी! लेक सासरी निघाली की भरतात, ती. ज्याला आपल्यावर आळ आणायचा आहे, तो गौरीची ओटी कशाला भरील? ज्यानं हे केलं त्यानं धाकटीला चोरलं नव्हतं. तिची पाठवणी केली होती.

मग त्यांना साखर आठवली. तपासणीत त्यांनी कधी केली नव्हती ती चूक आज केली होती. साखर कुठली हे पाहिलं, पण साखर घातली का, हा प्रश्नच विचारला नाही. डबा इथेच, देवघरातच उघडला असता तर त्यात साखर घालायचं काही कारणच नव्हतं. साखर कधी घालतात? दुसऱ्याचा डबा आपल्या घरी आला आणि तो परत करायचा असला, की. म्हणजे काल पंगतीच्या गडबडीत डबा घराबाहेर गेला होता. इतकी भांडी इकडून तिकडे जात होती, त्यात एक पितळी डबा पदराखालून गेला आणि आला. जिनं नेला तिनं आपल्या देवापुढे धाकटीची ओटी भरली, आणि डबा परत आणण्याआधी, जन्माची सवय म्हणून, हात आपोआप बरणीत गेला. रिकामी झालेली जागा तिला तशी ठेवताच आली नाही.

बरणी यशश्रीच्या घरातली. पण यशश्रीला ही सवय असती, तर तीन वर्षं आपण नाक कशाला मुरडलं असतं? डब्यात काही घालायचं असतं हे त्या पोरीला ठाऊकच नाही.

त्या घरात दुसरी बाई एकच होती. पेटीला गाठ तिनंच मारली होती. येलहंक्याला पोचल्यावरच सोड, असं तिनंच बजावलं होतं. डबा का उघडलास, असं तिनंच विचारलं होतं.

पण तरीही मेळ बसत नव्हता. कारण ती बाई आज दोन्ही गौरींची मालकीण होणार होती. दुपारी आपल्याच घरी येणाऱ्या वस्तूची चोरी कुणी करतं का?

६

नयना स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. श्यामलाबाईंनी दार लोटलं आणि तिच्यासमोर गाठोडं ठेवलं.

"का गं?"

नयनानं एकदा गाठोड्याकडे पाहिलं, एकदा मैत्रिणीकडे. खोटं बोलायचा तिचा स्वभावच नव्हता.

"तुला कळलं कसं?"

"साखरेवरून."

"साखर?" तिनं कपाळावर हात मारला. "घातली का मी? मला आठवत पण नाही बघ."

"सवय गं. पण तू दोघींची धनीण होणार होतीस. तुला काय कमी पडलं म्हणून हे केलंस? सगळ्यांदेखत मी चोर ठरले, नयने!"

"मी बोलणार होते. पण सुनेसमोर शब्दच फुटेना. बावरले." तिनं सुटलेला खण सारखा केला. "डबा आज मला मिळाला असता. कुणी उघडलाच नसता. येलहंक्याला पेटी सोडलीस की धाकटी तुला मिळाली असती, आणि मी फोनवर सांगितलं असतं, की राहू दे तुझ्याकडे, भाद्रपदात घेऊन ये. मग तुला यावंच लागलं असतं. दरवर्षी यावं लागलं असतं. थोरली एकटी बसत नाही."

"तशीही आले असते की."

"नसती आलीस!" नयना एकदम उसळली. "काल तू 'सगळंच घे' म्हणालीस, तेव्हाच मला कळलं. दोन्ही गौरी मला देऊन तू हात झटकून मोकळी होणार होतीस. तुम्ही दोघी तिकडे भिंतीला भिंत लावून राहणार, दार उघडलं की समोर अंबक्का. आणि मी नवव्या मजल्यावर. मुलगा-सून दिवसभर कामात. खाली वठार नाही, विहीर नाही, ओळखीचं कुत्रं नाही. मी कुणाशी बोलू? त्या लिफ्टशी? जळते मी तुमच्यावर, श्यामे. महिनाभर जळतेय. आणि तू मला फ्लॅटचे टोमणे मारतेस!"

महिनाभर त्या नयनाच्या फ्लॅटवर जळत होत्या, आणि नयना जळत होती त्यांच्या दोन खोल्यांवर. हसावं की रडावं हे त्यांना कळेना. शेवटी दोन्ही झालं.

"मी सांगते सगळ्यांना," नयना उठत म्हणाली.

आणि तिनं सांगितलं. अंगणात उभं राहून, सुनेसमोर, महांतेशसमोर, काही न लपवता. अंबूबाईंनी सगळं ऐकलं, वातींची जुडी पदरात टाकली आणि म्हणाल्या, "चुकलं माझंच. निकाल देताना जागेचा विचार केला, बायकांचा केला नाही. थोरली नयनाकडे, धाकटी श्यामलेकडे. भाद्रपदात दोघी जिथे भेटतील, ते वठार."

श्यामलाबाई यशश्रीसमोर गेल्या. माफी मागायची त्यांना फारशी सवय नव्हती. "चुकले पोरी. तुझं नाव घ्यायला नको होतं."

यशश्रीनं नाक पुसलं. "पण काकू, एक विचारू? डबा रिकामा द्यायचा नसतो, हे मला तीन वर्षांत कुणी सांगितलं का नाही? मी किती घासायचे ते डबे. मला वाटायचं, तुम्हाला आवडत असेल."

तीन वर्षं नाक मुरडायला त्यांना वेळ मिळाला होता, सांगायला मिळाला नव्हता.

तीनला टेंपो आला. सामान चढलं, अंबूबाईंची खुर्ची चढली, अंबूबाईंना पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं. महांतेशनं वाटेसाठी थर्मासभर कॉफी आणून दिली आणि पैशांचं नाव काढू दिलं नाही. श्यामलाबाईंनी डब्यातली साखर झटकली, तांदूळ सारखे केले आणि थोरलीसकट डबा नयनाच्या हातात ठेवला.

"डबा माझा आहे हं," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूबाईंचा. परत हवाय मला."

"आणून देईन."

"तू स्वतः आणून द्यायचास, येलहंक्याला. आणि रिकामा आणू नकोस."

नयनानं पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. टेंपो सुरू झाला. धाकटी श्यामलाबाईंच्या मांडीवर होती. गल्लीच्या टोकाला वळताना त्यांनी मागे पाहिलं. नयना अजून दारातच उभी होती, डबा छातीशी धरून, आणि यशश्रीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. तो हात पाहून श्यामलाबाईंच्या पोटात पुन्हा थोडं दुखलं.